रोहित्राचे दप्तर : ध्वनिप्रवर्धकातील ट्रान्सफॉर्मर-जोडणी आणि ट्रान्झिस्टरची निवड

गेल्या श्रावणात एका खेड्यातील गणेशमंडळाचा जुना अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीसाठी माझ्या टेबलावर येऊन पडला. घरच्या विजेवर आणि मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालणारा, ३० वॉटचा, दर्शनी पत्र्यावरची अक्षरे हळदीकुंकवाच्या बोटांनी पुसून गेलेला असा तो ऐवज उचलताना हाताला जे वजन जाणवले, ते जवळजवळ सगळे लोखंडाचे होते. झाकण काढले तेव्हा आत तीन ट्रान्सफॉर्मर दिसले : एक विजेचा, एक आगपेटीएवढा ड्रायव्हरचा आणि एक चांगला मुठीएवढा आउटपुटचा, आणि मागच्या अ‍ॅल्युमिनियमच्या फण्यांवर २एन ३०५५ जातीचे दोन ट्रान्झिस्टर. शेजारी माझा भाचा बसला होता. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात असल्यामुळे त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकारही आहे आणि हौसही. तो म्हणाला, “मामा, आमच्या पुस्तकात आउटपुट ट्रान्सफॉर्मर केव्हाच हद्दपार झालाय. मग हे लोखंड इथं कशाला?”

या प्रश्नाला दोन उत्तरे तयार असतात. जुने ते मागासलेले, हे एक. आणि जुन्या लोखंडातून निघणाऱ्या सुरांना जी गोडी असते ती नव्याला नाही, हे दुसरे. ही दोन्ही उत्तरे ज्याने कधी अ‍ॅम्प्लिफायर उघडलेला नाही त्याच्या तोंडी शोभतात. वस्तुस्थिती अशी की, ट्रान्सफॉर्मर हा या यंत्रातला जुना कारभारी होता. त्याच्या दप्तरी एक नव्हे, चार खाती होती. आणि त्याला सेवेतून कमी केले तेव्हा ती चारही खाती कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात घालणे भाग पडले. ज्यांच्या गळ्यात ती पडली त्यांत ट्रान्झिस्टर प्रमुख असल्यामुळे, ट्रान्सफॉर्मर ठेवावा की काढावा आणि ट्रान्झिस्टर कोणता घ्यावा, हे दोन प्रश्न वेगळे मानणे हीच या विषयातील मूळ चूक आहे, असे माझे अनुभवांती मत झाले आहे.

निर्वात नलिकेच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या काळात हा कारभारी अपरिहार्यच होता. व्हॉल्व्हच्या दारी व्होल्टेज उदंड, विद्युत्प्रवाह मात्र बेताचा. त्याला हजारो ओहमचा संरोध, म्हणजे इम्पीडन्स, हवा, आणि स्पीकरचे वेटोळे तर ८ किंवा १६ ओहमचे. ५,००० ओहमची मागणी आणि ८ ओहमचा पुरवठा यांची सोयरीक जुळवायची तर संरोधांचे गुणोत्तर ६२५ होते, आणि वेढ्यांचे प्रमाण त्याच्या वर्गमुळाएवढे, म्हणजे २५ ला १ असे पडते. हिशेब इतका सरळ, पण तो प्रत्यक्षात उतरवताना कारागिराची कसोटी लागते. खालच्या षड्जाखालचे सूर धरून ठेवायचे तर प्राथमिक गुंडाळीची प्रवर्तकता, म्हणजे दुकानी भाषेतला इंडक्टन्स, भरपूर हवा. त्यासाठी वेढे अनेक आणि गाभा मोठा. पण वेढे वाढले, गाभा फुगला, की दोन गुंडाळ्यांमधून निसटणारा चुंबकीय स्रोत आणि थराथरांमधली धारिता हीही वाढते आणि वरचे सूर बोथट होतात. शिवाय गाभ्यातील चुंबकत्व हे व्होल्टेजच्या सम आणि कंप्रतेच्या व्यस्त प्रमाणात असल्याने, ५० हर्ट्झला निमूट काम करणारा गाभा २५ हर्ट्झला अर्ध्याच व्होल्टेजमध्ये संपृक्त होतो. तबल्याचा डग्गा घुमण्याऐवजी धपकतो तो बहुधा याच ठिकाणी.

या दोन टोकांच्या ओढाताणीतून सर्वांत प्रामाणिक तोड काढली ती डी. टी. एन. विल्यमसन या ब्रिटिश अभियंत्याने. ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकाच्या एप्रिल १९४७ च्या अंकापासून प्रसिद्ध झालेल्या त्याच्या १५ वॉटच्या आराखड्यात केटी ६६ जातीचे दोन व्हॉल्व्ह होते, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरसकट सर्व यंत्राला वेढणारा २० डेसिबलचा ऋण फीडबॅक होता. हॅरॉल्ड ब्लॅक या अभियंत्याला १९२७ साली हडसन नदीवरच्या नावेतून कामावर जाताना सुचलेली ही फीडबॅकची युक्ती वरकरणी फार उदार वाटते : जी चूक बाहेर पडेल ती उलटी करून आत द्या म्हणजे ती मिटेल. पण ट्रान्सफॉर्मर हा दोन्ही टोकांना कलांतर करणारा इसम असल्यामुळे, त्याला या कक्षेत घेतले की सुधारणेसाठी पाठवलेला संदेश उशिरा पोहोचतो आणि सुधारणेचे रूपांतर आंदोलनात होते. सबब विल्यमसनने मागितलेला ट्रान्सफॉर्मर सुमारे १०० हेन्रींचा, अनेक खंडांत आळीपाळीने गुंडाळलेला आणि खर्चाने संपूर्ण यंत्राला भारी पडणारा असा होता. ऐकण्याच्या मर्यादेबाहेर दोन्हीकडे दूरवर सरळ चालणारा ट्रान्सफॉर्मर हवा, तो का, तर ऐकण्याच्या मर्यादेत फीडबॅक सुखाने नांदावा म्हणून. या तर्कातला काटेकोरपणा मला आजही मोहवतो.

१९४७ च्याच डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी, शॉक्लीच्या गटात काम करताना, पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. लोखंडाची कला शिखराला पोहोचते न पोहोचते तोच तिची गरज संपवणारे मूल जन्माला आले होते. परंतु पुढची पंधरा वर्षे त्या मुलाने मुकाट्याने त्याच घरची वहिवाट चालवली. पहिल्या पिढीतल्या खिशातल्या रेडिओंची आकृती पाहावी : ओसी ७१ हा ड्रायव्हर, त्याच्यापुढे एक छोटा ट्रान्सफॉर्मर, मग ओसी ७२ ची जोडी, पुन्हा एक ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर. हे केवळ सवयीने झाले असे म्हणणाऱ्यांनी त्या काळातल्या जर्मेनियमच्या अडचणी ध्यानात घेतलेल्या नसतात. ट्रान्झिस्टर महाग होता. दोन टप्प्यांमध्ये ट्रान्सफॉर्मर घातला की संरोध जुळून शक्तीचा लाभ पदरात पडे आणि एखादा ट्रान्झिस्टर वाचे. बॅटरी लहान होती. रोधातून भार चालवणाऱ्या ‘अ’ वर्गाची परमावधी कार्यक्षमता २५ टक्के, त्याच वर्गात ट्रान्सफॉर्मर घातला तर ५०, आणि दोघांनी अर्धे-अर्धे काम वाटून घेणाऱ्या ‘ब’ वर्गात ७८.५ टक्के. आणि ‘ब’ वर्गासाठी एकाच सुराच्या दोन परस्परविरुद्ध प्रती लागत, त्या मधोमध फाटा काढलेल्या गुंडाळीतून विनासायास मिळत.

पण या जोडणीचा सर्वांत मोलाचा गुण पाठ्यपुस्तकांत फारसा आढळत नाही. जर्मेनियमच्या सांध्यातून उष्णतेबरोबर वाढणारी एक गळती असते. तापमान दर १० अंशांनी चढले की ती सुमारे दुप्पट होते. ही गळती बेसमधून बाहेर पडायला वाट शोधते, आणि ती वाट मोठ्या रोधाची असली तर ती उलट फिरून ट्रान्झिस्टरच्या स्वतःच्याच गुणकाने वाढते. मग जास्त प्रवाह, जास्त उष्णता, पुन्हा जास्त गळती, आणि सरतेशेवटी ट्रान्झिस्टरची राख. ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम गुंडाळीचा एकदिश रोध जेमतेम काही ओहम असल्याने ही गळती तेथून निमूट निघून जाते. म्हणजे ज्याला आपण केवळ सुरांचा हमाल समजत होतो तो घरातल्या सांडपाण्याचाही बंदोबस्त पाहत होता. उलट बाजूही सांगितली पाहिजे. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक गुंडाळीलाही एकदिश रोध जवळजवळ नसल्याने ट्रान्झिस्टरवर बॅटरीचे पूर्ण व्होल्टेज सतत उभे असते. रोधाच्या भारात प्रवाह वाढला की ट्रान्झिस्टरच्या वाटचे व्होल्टेज घटते आणि आग आपोआप मंदावते. ट्रान्सफॉर्मरच्या भारात तसा लगाम नाही. एमिटरला घातलेला ओहमभराचा रोध आणि बायसला टेकवलेला थर्मिस्टर हीच काय ती तजवीज.

आता बडतर्फीची कथा. कारभाऱ्याची चार खाती म्हणजे सुराचे दोन तुकडे करणे, संरोध जुळवणे, एकदिश प्रवाह अडवणे, आणि यंत्राचे व्होल्टेज भाराच्या गरजेपासून स्वतंत्र ठेवणे. ट्रान्झिस्टर हा मुळातच कमी व्होल्टेज आणि भरपूर प्रवाह देणारा, म्हणून दुसरे खाते त्याने सहज उचलले : ८ ओहमचा स्पीकर त्याला थेट चालतो. पहिल्या खात्यासाठी आरसीए कंपनीच्या जॉर्ज झिक्लाय याने १९५३ साली दाखवून दिले की, एनपीएन आणि पीएनपी हे ट्रान्झिस्टर आरशातल्या प्रतिबिंबासारखे असल्यामुळे एकच सूर दोघांना दिला तरी एक त्याचा वरचा अर्धा आणि दुसरा खालचा अर्धा उचलील. व्हॉल्व्हच्या जगात अशी जोडी असूच शकत नव्हती. कल्पना अत्यंत सुंदर, पण बाजारात जोडीदार मिळेना. जर्मेनियममध्ये मोठ्या शक्तीचा पीएनपी सुलभ आणि एनपीएन दुर्मीळ. सिलिकॉन आले तेव्हा नेमके उलटे. यावर एच. सी. लिन याने १९५६ साली काढलेला तोडगा व्यवहारी होता : आरशाचे काम लहान ड्रायव्हरांच्या जोडीने करावे आणि मोठे दोन्ही ट्रान्झिस्टर एकाच जातीचे घ्यावेत. या अर्धपूरक रचनेवर टोबी आणि डिन्सडेल यांनी १९६१ मध्ये ट्रान्सफॉर्मररहित अ‍ॅम्प्लिफायर प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर जिकडेतिकडे लोखंड उतरू लागले. लहान रेडिओंत मात्र जर्मेनियमच्या खऱ्या जोड्या मिळू लागल्या. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेली एसी १८७ आणि एसी १८८ ही जोडी आपल्याकडच्या कित्येक जुन्या संचांत अजून जिवंत सापडते.

तिसरे खाते प्रथम एका मोठ्या धारित्राकडे गेले. १,००० मायक्रोफॅरडचे धारित्र ८ ओहमशी जोडले की २० हर्ट्झच्या खाली सूर अर्ध्या शक्तीला येतो, आणि दुकानात ते धारित्र ट्रान्सफॉर्मरच्या मानाने कवडीमोल. पुढे धन आणि ऋण असे दुहेरी व्होल्टेज वापरून तेही काढून टाकले. त्याचा परिणाम असा की, आज एखादा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर पुरवठ्याचे सगळे व्होल्टेज स्पीकरच्या वेटोळ्यावर कोसळते. म्हणून एक रिले आणि त्याला हुकूम देणारी वेगळी मंडळी पोसावी लागते. जुन्या यंत्रात ट्रान्झिस्टर उडाला तर आवाज जाई. नव्यात आवाजाबरोबर स्पीकरही जातो.

आणि चौथे खाते? ते कोणी घेतलेच नाही; ते ट्रान्झिस्टरच्या निवडीत विरघळले. येथे थोडे थांबून हिशेब मांडला पाहिजे. ८ ओहमच्या स्पीकरला ५० वॉट द्यायचे तर व्होल्टेजचे शिखर २८ आणि प्रवाहाचे साडेतीन अँपिअर. घसारा धरून पुरवठा ३५ अधिक ३५, म्हणजे ७० व्होल्टचा लागतो, आणि हे सगळे ७० व्होल्ट आळीपाळीने प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या वाट्याला येतात. आरसीएने १९६०च्या दशकाच्या आरंभी आणलेला आणि जगाने डोक्यावर घेतलेला २एन ३०५५ घ्या : १५ अँपिअर, ११५ वॉट, पण बेस मोकळा असता ६० व्होल्ट. ट्रान्सफॉर्मर असता तर वेढ्यांचे प्रमाण बदलून कमी व्होल्टेजमध्ये हेच काम या ट्रान्झिस्टरकडून करून घेता आले असते; तो नसल्यामुळे ट्रान्झिस्टर बदलणे आले. पुढे १४० व्होल्टचा एमजे १५००३ आणि त्याचा पीएनपी भाऊ एमजे १५००४, आणखी पुढे तोशिबाची २३० व्होल्टची २एससी ५२०० आणि २एसए १९४३ ही जोडी, या साऱ्यांचा जन्म त्या रिकाम्या खुर्चीसाठी झालेला आहे.

ते ११५ वॉटही तपशिलाने वाचावेत. ते ट्रान्झिस्टरच्या कवचाचे तापमान २५ अंश असताना आहेत. २०० अंशांना ते शून्य होतात, आणि चैत्रातल्या मांडवात कवच १०० अंशांवर गेले की हाती ६६ वॉट उरतात. त्यातही व्होल्टेज जास्त आणि प्रवाह थोडा अशा स्थितीत सिलिकॉनच्या चकतीवरचा प्रवाह एका बिंदूत गोळा होऊन तेथे भोक पडते. या दुय्यम भंगाने वॉटांची बेरीज निर्दोष असतानाही ट्रान्झिस्टर मरतो. स्पीकर हा शुद्ध रोध नसल्यामुळे व्होल्टेज आणि प्रवाह यांची शिखरे एका वेळी येत नाहीत, आणि नेमकी ही अवघड स्थिती वारंवार उद्भवते. आणखी एक गोष्ट गुणकाची. २एन ३०५५चा गुणक ४ अँपिअरला २० ते ७०, आणि १० अँपिअरला किमान ५ एवढाच हमीने मिळतो. म्हणजे ४ अँपिअरसाठी ड्रायव्हरला २०० मिलिअँपिअर देण्याची ऐपत हवी. निवडताना लोक मोठ्या ट्रान्झिस्टरचे आकडे पाठ करतात आणि ड्रायव्हर हाताला लागेल तो उचलतात. माझ्याकडे येणाऱ्या घरगुती यंत्रांपैकी पुष्कळांची कैफियत येथूनच सुरू होते.

वेगाचा प्रश्न सर्वांत नाजूक. जुन्या होमटॅक्सियल पद्धतीचा २एन ३०५५ मेगाहर्ट्झच्या आसपासच दमतो. २एससी ५२०० ला ३० मेगाहर्ट्झचा दम आहे. मंद ट्रान्झिस्टर दणकट असतो, कारण त्याचा बेसचा थर जाड आणि चकती मोठी असते. पण त्याच्याभोवती जबर फीडबॅक बांधला की सुधारणेचा हुकूम उशिरा तामील होतो आणि ट्रान्सफॉर्मरच्या कलांतराचा जुना तंटा नव्या नावाने उभा राहतो. फिनलंडच्या मॅटी ओटाला यांनी १९७० मध्ये क्षणिक विरूपणाचा जो मुद्दा मांडला त्यावर पुढे रणे माजली. त्यातला बराच धुरळा आता बसला असला तरी वेगवान ट्रान्झिस्टरांची मागणी त्याने वाढवली हे खरे. अर्धपूरक रचनेतला एक दोष म्हणजे वरचा अर्धा आणि खालचा अर्धा यांची सांधेजोड सारखी नसणे. हळू वाजणाऱ्या सतारीत ती खरखर प्रथम कानाला लागते. १९६९ साली एका डायोडच्या भरतीने हा दोष बराच निवारला गेला. त्याच वर्षी लिन्सले हूड यांनी अवघ्या चार ट्रान्झिस्टरांचा, १० वॉटचा ‘अ’ वर्गाचा अ‍ॅम्प्लिफायर देऊन सांध्याचा प्रश्नच मिटवला; मात्र तो शांत बसलेला असतानाही शेगडीसारखा तापतो. तो मी बांधला आहे, आणि थंडीच्या दिवसांत त्याच्याविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही.

निवडीच्या या चर्चेत एक अध्याय आपल्या बाजाराने जोडला आहे. नाव तेच, आकडा तोच, कवचावरची छपाई डोळ्यांत भरणारी, आणि आत भलताच ऐवज. एका दुकानदाराने फार अगत्याने दिलेले चार २एन ३०५५ एकापाठोपाठ एक उडाले तेव्हा मी त्यांतला एक चिमट्यात धरून करवतीने त्याची टोपी कापली. पोलादी बैठकीच्या मधोमध मसुराच्या डाळीएवढी चकती चिकटवलेली होती. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका मेलेल्या अस्सल ट्रान्झिस्टरची टोपी शेजारीच कापून पाहिली तर तिथे करंगळीच्या नखाएवढी चकती. भाच्याने दोन्ही तळहातावर घेतल्या आणि बराच वेळ काही बोलला नाही. डेटाशीट खोटी नसते, ट्रान्झिस्टर खोटा असतो. सबब मी आता नवा नग विकत घेतला की त्याचा गुणक ५० मिलिअँपिअरला नव्हे, ३ अँपिअरला मोजतो.

मग त्या मंडळाच्या अ‍ॅम्प्लिफायरात आउटपुट ट्रान्सफॉर्मर का? १२ व्होल्टच्या बॅटरीवर ट्रान्सफॉर्मरविना ८ ओहमचा स्पीकर चालवला तर शिखर ६ व्होल्टचे, शक्ती सव्वादोन वॉट. दोन यंत्रे उलटसुलट जोडून सेतू केला तरी ९ वॉट. मधोमध फाट्याच्या गुंडाळीने मात्र प्रत्येक ट्रान्झिस्टर पूर्ण १२ व्होल्ट डोलवतो; अर्ध्या गुंडाळीला २.४ ओहमचा भार दिसेल असे वेढे ठेवले की प्रवाहाचे शिखर ५ अँपिअर आणि शक्ती ३० वॉट. आणि ट्रान्झिस्टरवर येणारे कमाल व्होल्टेज २४, जे २एन ३०५५ पुढे किस झाडकी पत्ती. दुसरीकडे त्याच गाभ्यावरून १०० व्होल्टची तार निघते. ३० वॉट ८ ओहमवर न्यायला जवळजवळ २ अँपिअर लागतात, १०० व्होल्टवर ०.३; मारुतीच्या देवळापासून वेशीवरच्या कर्ण्यापर्यंत गेलेल्या बारीक तारेत होणारा नाश त्यामुळे चाळीस पटींनी कमी होतो. जुन्या कारभाऱ्याची चौथी मुखत्यारी येथे अबाधित आहे. अमेरिकेच्या मॅकिन्टॉश कंपनीने तर १९६७ पासून घरगुती, महागड्या ट्रान्झिस्टर-अ‍ॅम्प्लिफायरांतही आउटपुटला ऑटोट्रान्सफॉर्मर ठेवला, तो वेगवेगळ्या संरोधांच्या स्पीकरांना ट्रान्झिस्टरने सारख्याच सुखाने सामोरे जावे म्हणून.

भाच्याने हे सगळे वहीत उतरवून घेतले आणि दोन्ही ट्रान्झिस्टर बदलण्याचे काम अंगावर घेतले. जुने होमटॅक्सियल होते. मिळाले ते नव्या, एपिटॅक्सियल जातीचे, पारखून घेतलेले, अस्सल. अभ्रकाच्या नव्या चकत्या, नवा पांढरा मलम, सगळे यथासांग झाले. अ‍ॅम्प्लिफायर सुरू केला. स्पीकर शांत, माइक लावलेला नाही, आणि तरीही पाच मिनिटांत मागच्या फण्या हात लावू देईनात. ऑसिलोस्कोप लावला तेव्हा पडद्यावर कानाच्या पलीकडची दाट लहर उभी होती. मंद ट्रान्झिस्टरांच्या हिशेबाने गुंडाळलेला तो ट्रान्सफॉर्मर आपल्या निसटत्या चुंबकीय स्रोतानिशी नव्या चपळ जोडीबरोबर स्वतःच गाऊ लागला होता. प्राथमिक गुंडाळीच्या दोन्ही टोकांदरम्यान एक रोध आणि एक लहान धारित्र, आणि प्रत्येक बेसपाशी दोन-दोन ओहम एवढे घातल्यावर लहर विरली. भाचा फण्यांवर तळवा ठेवून अर्धा तास बसला होता. दुसऱ्या दिवशी मंडळाची मुले आली आणि बॅटरी त्यांनी बरोबरच आणलेली असल्यामुळे, अंगणातच कर्णा जोडून, “हॅलो, माइक टेस्टिंग” करून ऐवज घेऊन गेली.